सुटणे आणि सोडणे : लहान द्वीपराष्ट्रांच्या औद्योगिक कर्बवायूच्या तुलनेची चिकित्सा

१

कोष्टक हे वरवर पाहता भाषेच्या सर्व उपाधींपासून मुक्त असलेले लेखन होय. त्यात क्रियापद नसते, विशेषणांचा फुलोरा नसतो, लेखकाचा स्वर तर मुळीच ऐकू येत नाही. डाव्या रकान्यात देशाचे नाव आणि उजव्या रकान्यात आकडा, एवढाच त्याचा संसार. ह्या अबोलपणामुळेच कोष्टकाला निःपक्षपातीपणाची प्रतिष्ठा लाभली आहे. परंतु ज्या वाक्यात क्रियापद लिहिलेले नसते त्यात ते अध्याहृत असते, आणि अध्याहृत क्रियापद वाचकाला आपल्या पदरचे पुरवावे लागते. ते कोणते पुरवावे ह्याविषयी कोष्टक मौन पाळते. त्या मौनाचा लाभ किंवा तोटा मात्र ज्याचे नाव डाव्या रकान्यात असते त्याच्या वाट्याला येतो.

लहान द्वीपराष्ट्रांच्या औद्योगिक कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे पुढे ज्यास संक्षेपाने कर्बवायू म्हटले आहे त्याची, तुलना करणारी कोष्टके ह्या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. हवामानविषयक आराखडा-करार १९९२ साली रिओ द जानेरो येथे सह्यांसाठी खुला झाला, तेव्हापासून अशा कोष्टकांचा प्रसार होत गेला. त्यांतील एखादी ओळ घ्यावी. 'त्रिनिदाद आणि टोबॅगो' ह्या नावासमोर एक मोठा आकडा आहे. ह्या ओळीचे मराठी वाक्य दोन प्रकारे करता येते : 'त्रिनिदादमध्ये इतका वायू सुटला' आणि 'त्रिनिदादने इतका वायू सोडला'. पहिल्या वाक्यात देशाचे नाव सप्तमीच्या अर्थाने आले आहे. ते अधिकरण आहे. दुसऱ्यात ते तृतीयेत असून कर्ता झाले आहे. सुटणे व सोडणे, फुटणे व फोडणे, तुटणे व तोडणे ह्या मराठीतील जोड्या अकर्मक व सकर्मक असा केवळ शास्त्रीय भेद दाखवीत नाहीत; त्यांत उत्तरदायित्वाचा भेद अंतर्भूत आहे. घरात काच फुटते तेव्हा मूल 'फुटली' म्हणते आणि आई 'कोणी फोडली?' असे विचारते. संपूर्ण वाद त्या दोन क्रियापदांमधला असतो.

आंतरशासकीय हवामान मंडळाची २००६ सालची राष्ट्रीय नोंदणीविषयक मार्गदर्शक तत्त्वे पाहिली असता, देशाच्या नावावर त्याच्या भूप्रदेशात व त्याच्या अधिकारातील सागरी क्षेत्रात घडणारे उत्सर्जन नोंदवावे, असा नियम आढळतो. हा नियम शुद्ध अधिकरणाचा आहे. वायू कोठे सुटला एवढेच तो सांगतो. कोष्टकाचा वाचक मात्र, विशेषतः देशांना चढत्या-उतरत्या क्रमाने लावलेल्या कोष्टकाचा वाचक, तो आकडा कर्त्याचा म्हणून वाचतो. सप्तमीत लिहिलेले तृतीयेत वाचले जाते. लहान बेटांच्या बाबतीत ह्या विभक्तिभ्रंशाचे परिणाम मोठ्या देशांपेक्षा कितीतरी अधिक तीव्र होतात, आणि ते का होतात हे पाहणे हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

२

प्रथम ज्या वर्गाची तुलना करावयाची त्या वर्गाचे नाव पाहू जाता, तेथेच अडखळावयास होते. 'लहान विकसनशील द्वीपराष्ट्रे' ही संज्ञा १९९२ च्या रिओ परिषदेत मान्यता पावली. १९९४ साली बार्बाडोस येथे आणि २००५ साली मॉरिशस येथे झालेल्या परिषदांनी ती दृढ केली. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आज सुमारे चाळीस देश आहेत. ह्या सामासिक नावातील प्रत्येक पद त्या यादीतील कोणत्या ना कोणत्या देशास लागू पडत नाही. पापुआ न्यू गिनी हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दीडपट आहे. तो 'लहान' नव्हे. गयाना, सुरिनाम, बेलीझ आणि गिनी-बिसाऊ हे मुख्य भूमीवर वसलेले देश आहेत. ती 'द्वीपे' नव्हेत. सिंगापूरला 'विकसनशील' म्हणणे हे त्याच्या उत्पन्नाकडे पाहता केवळ उपचाराचे आहे. उलट, ज्याची लोकसंख्या चार लाखांच्याही आत आहे असा आइसलंड ह्या यादीत नाही, कारण तो विकसित आहे. आणि बहरीन एके काळी यादीत होता, आता नाही.

ह्यात कोणाची चूक झाली असे समजण्याचे कारण नाही. ही संज्ञा मुळात वर्णनासाठी घडलेली नाही, ती सौद्यासाठी घडली. १९९० साली स्थापन झालेल्या लहान द्वीपराष्ट्रांच्या संघाचे सदस्य समान धोक्यामुळे एकत्र आले. समुद्राची चढती पातळी, वादळे, आयातीवरचे परावलंबन ही त्यांची सामायिक भूमी. त्यांचे उत्सर्जन समान आहे असे त्या संघाने कधी म्हटलेले नाही. पण समान धोक्यासाठी केलेला वर्ग उचलून तो समान कृतीच्या तुलनेसाठी वापरला की घोटाळा होतो. पूरग्रस्त गावांची यादी हाती घेऊन त्या गावांत साक्षरतेचे क्रमांक लावावेत, तसा हा प्रकार आहे. यादी खरी असते, आकडेही खरे असतात. दोहोंचा संबंध तेवढा कल्पित असतो.

'बेट' ह्या मराठी शब्दाचाही ह्यात काही वाटा आहे. बेट म्हटले की तुटलेपण डोळ्यांपुढे उभे राहते. 'द्वीप' ह्या संस्कृत शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती मात्र दोन्ही बाजूंस पाणी असलेला प्रदेश अशी आहे, आणि पाणी म्हणजे वाट. आधुनिक बेटाची अर्थव्यवस्था पाहता दुसरा अर्थ अधिक समर्पक ठरतो. इंधन, सिमेंट, धान्य आत येते. साखर, मासे, धातू, खत बाहेर जाते. प्रवासी येतात आणि परततात. जेथे जवळजवळ प्रत्येक वस्तू किनारा ओलांडून जाते तेथे किनाऱ्यापाशी हिशेबाची रेघ ओढणे सोयीचे असले तरी अर्थवाही नसते.

३

आता 'औद्योगिक' हे विशेषण. मराठीत 'उद्योग' हा शब्द फार उदार आहे. कारखाना हा उद्योग, पर्यटन हा उद्योग, आणि रिकाम्या माणसाच्या खोड्या हेही 'नसते उद्योग'. आकडेशास्त्रातील शब्द इतका उदार नाही. परंतु तो एकार्थीही नाही. निरनिराळ्या कोष्टकांत त्याचे किमान तीन अर्थ आढळतात. जुन्या जागतिक आकडेवारीत खनिज इंधनाच्या ज्वलनाचा आणि सिमेंटच्या निर्मितीचा एकूण वायू ह्यासच औद्योगिक म्हणत. अमेरिकेतील ओक रिज येथील कर्बवायू माहिती-केंद्राचे, जे २०१७ साली बंद झाले, आकडे ह्या अर्थाचे होते. ह्या अर्थाने घरातील रॉकेलची चूलही औद्योगिक ठरते. दुसरा अर्थ, वस्तुनिर्माण करणाऱ्या कारखान्यांत जाळलेल्या इंधनाचा वायू. तिसरा अर्थ, इंधनाशी संबंध नसलेला, केवळ रासायनिक प्रक्रियेतून बाहेर पडणारा वायू.

हा तिसरा अर्थ विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. चुनखडी भट्टीत तापविली असता शंभर भागांतून छप्पन्न भाग चुना उरतो व चव्वेचाळीस भाग कर्बवायू निघून जातो. भट्टी कोणत्याही इंधनावर चालवा, हा वायू निघणारच; एक टन क्लिंकरमागे तो अर्ध्या टनाहून किंचित अधिक भरतो. मार्गदर्शक तत्त्वांत भट्टीचे इंधन 'ऊर्जा' ह्या प्रकरणात आणि चुनखडीचा वायू 'औद्योगिक प्रक्रिया' ह्या प्रकरणात जातो. एकाच धुराड्यातून एकाच क्षणी बाहेर पडणारा धूर नोंदवहीत असा दोन घरांत विभागला जातो.

ह्यावर भर म्हणून मापाचा प्रश्न. काही जुनी कोष्टके केवळ कर्बाचे वजन देत, काही संपूर्ण वायूचे. दोहोंमध्ये बारास चव्वेचाळीस, म्हणजे सुमारे पावणेचार पटींचे अंतर आहे. एका बेटाचा आकडा एका कोष्टकातून व दुसऱ्याचा दुसऱ्यातून घेणाऱ्या अभ्यासकाने शीर्षकाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचली नाही, तर त्याची तुलना आरंभीच कोलमडते. ही चूक प्राथमिक आहे. अर्थाची चूक तशी नाही, कारण ती करताना आकडे बरोबर असतात.

४

विशेषणाच्या ह्या तीन अर्थांचा भेद किती दूरगामी आहे हे एका धातूच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. जमैकात १९५२ पासून बॉक्साइटची निर्यात होत आली. त्यातील काही खनिजावर तेथेच प्रक्रिया होऊन ॲल्युमिना तयार होते. ॲल्युमिनापासून ॲल्युमिनियम काढण्याचे काम विद्युत्-विघटनाचे. ते आइसलंडमध्ये आणि बहरीनमध्ये मोठ्या प्रमाणावर चालते. अशा रीतीने एकाच धातूच्या जीवनक्रमात तीन द्वीपराष्ट्रे येतात. ह्याचा अर्थ एकीचा माल दुसरीस जातो असा नव्हे, तर तीन टप्प्यांचे तीन नमुने तीन बेटांवर पाहावयास मिळतात.

जमैकातील ॲल्युमिना-कारखान्यांचा वायू मुख्यतः इंधनाचा. तो 'ऊर्जा' प्रकरणात जातो आणि 'प्रक्रिया' ह्या रकान्यात त्याचे नाव राहत नाही. विघटनाच्या टप्प्यावर मात्र कर्बाचे धनाग्र स्वतःच झिजते आणि धातूच्या प्राणवायूशी संयोग पावून कर्बवायू होते. सिद्धान्ताने एक टन ॲल्युमिनियममागे सुमारे सव्वा टन, प्रत्यक्षात दीड टनाच्या आसपास वायू सुटतो. हा वायू 'प्रक्रिया' रकान्यात पडतो, आणि आइसलंड व बहरीन ह्या दोघांसाठीही तो टनामागे जवळजवळ सारखाच असतो.

पण एक टन ॲल्युमिनियमला चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते. आइसलंडमध्ये ती जलप्रवाहापासून आणि भूगर्भातील उष्णतेपासून येते. बहरीनमध्ये नैसर्गिक वायू जाळून. केवळ ह्या विजेमुळे बहरीनच्या प्रत्येक टनामागे आणखी सहा-सात टन कर्बवायू जमा होतो. म्हणजे 'औद्योगिक' ह्याचा अर्थ 'प्रक्रियेचा' असा घेतला तर दोन बेटांचे धातू सारखेच काळे आहेत. 'प्रक्रियेचा व इंधनाचा' असा घेतला तर एक दुसऱ्याच्या पाचपट काळा आहे. प्रश्न रसायनाचा राहिलेला नाही. तो शब्दार्थाचा झाला आहे.

आइसलंडने ह्या शब्दार्थाच्या प्रश्नाचे राजकीय महत्त्व फार लवकर ओळखले. देश इतका लहान की एक नवा कारखाना उभा राहिला तरी राष्ट्रीय बेरीज ठळकपणे वाढावी. त्याचे म्हणणे असे की, जो कारखाना मोठ्या देशाच्या हिशेबात दिसणारही नाही तो लहान देशाचा संपूर्ण हिशेब उलथून टाकतो. क्योटो कराराच्या अंमलबजावणीचे नियम ठरविताना २००१ साली माराकेश येथे हे म्हणणे मान्य झाले. ज्या विकसित देशाचा १९९० मधील कर्बवायू सर्व विकसित देशांच्या बेरजेच्या ०.०५ टक्क्यांहून कमी होता, त्याच्या बाबतीत १९९० नंतरच्या एकट्या मोठ्या प्रकल्पाचा प्रक्रिया-वायू, वर्षाला सरासरी १६ लाख टनांपर्यंत, निराळा नोंदवावा व राष्ट्रीय बेरजेत धरू नये, असे ठरले. त्यासाठी नवीकरणीय ऊर्जेचा वापर आणि उत्तमात उत्तम तंत्र ह्या अटी होत्या. २००८ ते २०१२ ह्या पहिल्या कालखंडात ही तरतूद लागू होती.

भाषेच्या अभ्यासकास ह्या निर्णयात एक विलक्षण गोष्ट दिसेल. वायू तेथेच सुटत होता, मोजला जात होता, नोंदलाही जात होता. बदलला तो त्याचा वाक्यातील संबंध. जो आकडा कर्त्याच्या माथी बसणार होता तो अधिकरणापुरता ठेवण्यात आला. आज आइसलंडच्या हरितगृहवायूंपैकी, जमिनीच्या वापराचा हिशेब वगळता, चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा औद्योगिक प्रक्रियांचा आहे. वार्षिक आठ लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियमसाठी झिजणाऱ्या धनाग्रांचाच वायू दर रहिवाशामागे सुमारे तीन टन पडतो. ती धातू वापरणारे बहुतांश लोक त्या बेटाचे नव्हेत. आइसलंडची मागणी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. परंतु ज्यांच्यापाशी करार घडविण्याइतके कायदेपंडित व तज्ज्ञ होते त्यांनाच हा विभक्तिबदल साधला, ही गोष्ट नोंदविल्यावाचून गत्यंतर नाही.

५

त्रिनिदादचे उदाहरण ह्याहून अधिक बोलके आहे. ह्या देशाचा कर्बवायू अलीकडच्या वर्षांत दर रहिवाशामागे वीस टनांहून अधिक दाखविला जातो, जेव्हा जागतिक सरासरी पावणेपाच टनांच्या घरात आहे. साहजिकच प्रत्येक क्रमवारीत तो वर चढतो. परंतु त्रिनिदादच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघणाऱ्या तीन जहाजांची कल्पना करावी. पहिल्यात द्रवरूप नैसर्गिक वायू, दुसऱ्यात मिथेनॉल, तिसऱ्यात अमोनिया. तिघांचाही कच्चा माल एकच, समुद्राखालचा नैसर्गिक वायू. पहिल्या जहाजातील कर्ब संपूर्ण देशाबाहेर जातो आणि जेथे जळेल तेथे मोजला जातो. त्रिनिदादच्या नावावर त्याला गोठविण्यासाठी लागलेल्या ऊर्जेचा वायू तेवढा राहतो. दुसऱ्या जहाजात कर्बाचा मोठा भाग मालातच बांधलेला असतो. तिसऱ्या जहाजात कर्ब मुळीच नसतो, कारण अमोनिया म्हणजे केवळ नत्र आणि हायड्रोजन. नैसर्गिक वायूतील कर्ब कारखान्यात मागे राहतो व कर्बवायू होऊन सुटतो. चांगल्या कारखान्यातही एक टन अमोनियामागे तो दीड टनाहून अधिक भरतो.

ह्यातून निष्पन्न होणारा निष्कर्ष चमत्कारिक आहे. जहाजात जितका स्वच्छ माल तितके बेट मलिन दिसते. हाच अमोनिया पुढे युरियात रूपांतरित केला तर कथा आणखी बदलते. युरिया करताना कर्बवायू मालात परत घेतला जातो, एका टनात पाऊण टनाच्या जवळपास. २००६ च्या तत्त्वांनुसार तो अमोनियाच्या कारखान्यातून वजा होतो आणि ज्या देशाच्या शेतात युरिया पडतो त्या देशाच्या शेतीच्या खात्यात मांडला जातो. म्हणजे भारतासारख्या युरिया आयात करणाऱ्या देशातील शेतकरी पिकास खत घालतो तेव्हा परदेशातील कारखान्याचा औद्योगिक वायू येथे शेतकी वायू म्हणून सुटतो. 'औद्योगिक' हे विशेषण रेणूला चिकटलेले नसून तो कोणत्या क्षणी मोकळा होतो ह्यावर अवलंबून आहे.

मॉरिशसकडे वळले असता मराठी वाचकास थोडी ओळखीची भूमी लागते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून गिरमिटाने गेलेल्या मजुरांचे वंशज तेथे आहेत, आणि त्यांची भाषा तेथील शाळांत शिकविली जाते. ज्या उसाच्या मळ्यांसाठी ती माणसे गेली त्याच उसाच्या चिपाडावर, म्हणजे बगॅसवर, तेथील साखर-कारखान्यांच्या आवारांतील वीजकेंद्रे गळीत हंगामात चालतात. हंगाम सरला की त्याच बाष्पकांत कोळसा पडतो. चिपाडाचा कर्बवायू जैविक मानला जातो. तो टीपेदाखल नोंदतात, बेरजेत धरीत नाहीत, कारण पुढचा ऊस तो पुन्हा शोषून घेतो अशी त्यामागची उपपत्ती आहे. कोळशाचा वायू बेरजेत येतो. पण वीज सार्वजनिक जाळ्यात विकली जात असल्याने तो वस्तुनिर्माणाच्या रकान्यात न जाता वीजनिर्मितीच्या रकान्यात जातो. परिणामी मॉरिशसचा जो सर्वांत जुना व सर्वांत दृश्य उद्योग, त्याच्या धुराड्याचा धूर 'औद्योगिक' रकान्यात फारसा दिसतच नाही. महाराष्ट्रातील सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर-कारखान्यांचा हिशेब ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही गुंतागुंत नवी वाटणार नाही.

६

राहता राहिले 'दरडोई' आणि 'शून्य'. 'दरडोई' ह्या शब्दात डोके मोजण्याची क्रिया आहे. पण डोके कोणाचे? मालदीवमध्ये सुमारे पाच लाख लोक राहतात, आणि २०२४ साली तेथे वीस लाखांहून अधिक प्रवासी येऊन गेले. प्रत्येक विश्रामद्वीपावर स्वतंत्र डिझेल-यंत्रे, समुद्राचे पाणी गोडे करण्याची साधने, शीतगृहे. हा सर्व वायू रहिवाशांच्या डोक्यांनी भागला जातो. उलट प्रवाशांना आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानांचे इंधन राष्ट्रीय बेरजेतून वगळून निराळे नोंदले जाते. पर्यटनाला सर्व भाषांत उद्योग म्हणतात. तथापि औद्योगिक उत्सर्जनाच्या रकान्यात त्याला स्थान नाही.

छेद लहान असला की अंश थरथरतो. एक टन डिझेल जाळले असता सुमारे ३.२ टन कर्बवायू होतो. दहा हजार वस्तीच्या बेटावर, आणि तुवालूची वस्ती ह्याच मानाची आहे, हजार टन डिझेल आणणारे जहाज डिसेंबरच्या अखेरीस लागले की जानेवारीच्या आरंभी, एवढ्यावरून दरडोई आकडा ०.३२ टनाने खालीवर होऊ शकतो. कारण पुष्कळदा जळलेले इंधन न मोजता आयात झालेले इंधन मोजतात आणि टाक्यांतील शिल्लक नेहमीच टिपली जाते असे नाही. अशा आकड्यावर एका वर्षाची क्रमवारी उभारणे म्हणजे बंदरातील वाऱ्याला राष्ट्रीय धोरण समजणे होय. पलाऊसारख्या अत्यल्प वस्तीच्या देशाचा दरडोई आकडा एका प्रतिष्ठित आकडेसंचात जगाच्या अग्रभागी असतो आणि दुसऱ्यात त्याचा अल्पसा अंश असतो, हेही ह्या संदर्भात ध्यानात ठेवावे.

शून्याचे प्रकार तर ह्याहून सूक्ष्म आहेत. आपल्या कचेऱ्यांत माहिती नसल्यास आणि घटना नसल्यास दोन्ही वेळा 'निरंक' लिहिण्याची वहिवाट आहे. राष्ट्रीय नोंदीत मात्र रिकाम्या घरासाठी पाच निरनिराळ्या खुणा ठरविलेल्या आहेत : घडत नाही, अंदाज केलेला नाही, अन्यत्र समाविष्ट, लागू नाही, आणि गोपनीय. शेवटची खूण लहान देशांना विशेष लागू पडते. जेथे एकच कारखाना असतो तेथे राष्ट्राचा आकडा उघड करणे म्हणजे त्या कारखान्याचे उत्पादन उघड करणे. नोंदीत हा भेद असतो. तुलनात्मक कोष्टकात तो गळतो आणि पाचही खुणांच्या जागी एक शून्य बसते. मालदीवच्या सिमेंट-प्रक्रियेच्या घरातील शून्य 'घडत नाही' ह्या जातीचे आहे. पण १९९७ पासून भर घालून उभारलेल्या हुलहुमाले ह्या बेटावरील इमारती सिमेंटच्याच आहेत. चुनखडी अन्यत्र भाजली गेली. वायू अन्यत्र सुटला. हे शून्य संयमाचे नाही, केवळ भट्टीच्या अभावाचे आहे.

'घट' ह्या शब्दाविषयी हेच म्हणता येते. २००९ साली मागणी घसरल्याने जमैकातील चारांपैकी तीन ॲल्युमिना-कारखाने बंद पडले. २०१८ साली त्रिनिदादमधील पॉइंट-ए-पियेर येथील तेलशुद्धीकरण-कारखाना बंद झाला. आकडे उतरले. कोष्टकात ही उतरंड आणि विचारपूर्वक केलेली सुधारणा एकाच चिन्हाने दाखविली जाते. बेकार झालेल्या कामगाराचा उपास आणि व्रतस्थाचा उपास ह्यांत पोट सारखेच रिकामे असते; म्हणून दोन्हींना व्रत म्हणता येत नाही.

७

ह्या सर्व विवेचनावर एक वजनदार आक्षेप संभवतो. अधिकरणाचा नियम सदोष असला तरी त्याच्या योगे प्रत्येक टन एकदाच मोजला जातो आणि सर्व देशांची बेरीज जगाच्या बेरजेशी बव्हंशी जुळते. उपभोक्त्याच्या नावावर वायू मांडण्याची पद्धत न्यायाची वाटते खरी, पण तिला व्यापाराची बारीक आकडेवारी लागते, आणि नेमक्या लहान बेटांपाशी ती तुटपुंजी असते. शिवाय कायदा करण्याचा अधिकार ज्याच्या भूमीवर कारखाना आहे त्यालाच असतो. 'आमच्याकडे फक्त सुटला' असे म्हणून मोकळे होण्याची मुभा दिली तर कोणीच कर्ता उरणार नाही. त्रिनिदादने आपल्या वायूवर कर व स्वामित्वधन घेतले आहे. त्या उत्पन्नाचा कर्ता व्हावयाचे आणि धुराचे केवळ अधिकरण व्हावयाचे, हेही न्याय्य नव्हे.

आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे अधिकरणाचा नियम टाकून द्यावा असे निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते एवढेच की अधिकरणाला अधिकरण म्हणून वाचावे. कर्ता कोण हा प्रश्न स्वतंत्रपणे, स्वतंत्र पुराव्याने सोडवावा. आता न्यायव्यवस्थेनेही हाच मार्ग धरलेला दिसतो. लहान द्वीपराष्ट्रांच्या आयोगाच्या विनंतीवरून आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाने २१ मे २०२४ रोजी दिलेल्या सल्लादायी मतात हरितगृहवायूंचे उत्सर्जन हे सागरी पर्यावरणाचे प्रदूषण ठरते असे म्हटले. पुढे, वानुआतूच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने विचारलेल्या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी आपले मत दिले. त्यात, वायूचे उत्सर्जन हेच स्वयमेव अवैध कृत्य नसून हवामान-व्यवस्थेचे रक्षण करण्याच्या कर्तव्याचा भंग हे अवैध कृत्य होय, असा भेद न्यायालयाने केला. आणि इंधनाचे उत्पादन, त्याचा वापर, त्याच्या शोधासाठी दिलेले परवाने आणि त्यास दिलेली अनुदाने ह्यांच्या द्वारेही असा भंग घडू शकतो असे सांगितले. सुटणे आणि सोडणे ह्यांतील अंतर असे कायद्याच्या भाषेत उतरले आहे. सोडण्याचे माप सुटलेल्या टनांत सापडत नाही; ते काय करता येण्यासारखे होते आणि काय केले ह्यांत शोधावे लागते.

ह्या दृष्टीने द्वीपराष्ट्रांची तुलना अशक्य ठरत नाही. प्रक्रियेचा वायू, इंधनाचा वायू, आंतरराष्ट्रीय जहाजे व विमाने ह्यांचा वायू आणि जैविक वायू ही चार घरे शेजारीशेजारी मांडावीत. एका वर्षाऐवजी काही वर्षांची सरासरी घ्यावी. शून्याच्या पाच जाती कायम ठेवाव्यात. माल कोठे गेला हे सांगणारा एक रकाना जोडावा. असे कोष्टक क्रमवारीला उपयोगी पडणार नाही. परंतु क्रमवारी आणि तुलना ह्या एक नव्हेत. क्रमवारीला भेद पुसावे लागतात. तुलनेला ते जपावे लागतात.

लहान द्वीपराष्ट्रांच्या संघाचे देश एकत्र घेतले तरी जगाच्या उत्सर्जनातील त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आत आहे. तेव्हा त्यांच्यातील तुलनेने पृथ्वीच्या तापमानात फरक पडणार नाही. फरक पडेल तो त्यांच्या शब्दाला मिळणाऱ्या वजनात. ज्या प्रवाळद्वीपांची उंची समुद्रापासून दीड-दोन मीटर आहे त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यास 'तुमच्यातलाच एक दरडोई वीस टन सोडतो' असे उत्तर देता येते, आणि त्या एका क्रियापदाने सभेतील चर्चा अन्यत्र वळते. असे उत्तर कानी आले असता, ते देणाऱ्याला वायू 'सुटतो' म्हणावयाचे आहे की 'सोडतो', हे विचारण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकाची आहे. तो प्रश्न विचारण्यास रसायनाचे ज्ञान लागत नाही, विभक्तीचे लागते.